पल्याडचं पाणी

नदीच्या पलीकडच्या गावाला नाव आहे. एसटीच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं, लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं असतं. आमच्या घरात मात्र ते नाव कोणी घेत नसे. आम्ही ‘पल्याड’ म्हणायचो. पल्याडचे म्हणजे लबाड, पल्याडचे म्हणजे रेषेच्या आत पाय असताना बाहेर म्हणणारे, पल्याडचे म्हणजे अंगाला तेल चोळून मैदानात उतरणारे, की पकड बसूच नये. एखाद्या वांग्यात कीड निघाली तरी बाबा म्हणायचे, ‘‘पल्याडून आली असन.’’ आता माझं वय पासष्टीच्या घरात आहे, जळगाव जामोदला माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि पल्याडच्या बायकाही माझ्याकडे पोलकी शिवायला येतात. तरी त्यांच्यातली कोणी ‘छातीचं माप छत्तीस’ म्हणाली की मी टेप काढून पुन्हा मोजते. स्वभावच तसा पडला. मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला धक्का बसायला नको.

भांडण कशाचं, तर कबड्डीचं. दर वर्षी नदीकाठच्या जत्रेत आमच्या गावाचा आणि पल्याडचा सामना व्हायचा आणि जिंकलेल्या गावाच्या मारुतीला वर्षभर शेंदरी निशाण मिळायचं. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी आमच्या घराचं वर्ष चालायचं. बाबा संघाचे म्होरके होते. स्वतः कधी चांगले खेळले नाहीत असं माय म्हणायची, पण डावपेच सगळे त्यांचे. आणि चढाई करणारा मुख्य गडी माझा मोठा भाऊ, गजानन दादा. आमचा भाजीपाल्याचा मळा होता, वांगी आणि मिरच्या, त्यामुळे दादाची पहाट विहिरीवर जायची. तो बादली वर ओढताना एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचा. बादली काठाला लागेपर्यंत दम तुटला तर तीच बादली पुन्हा खाली. मला झोपेत रहाटाचा कुरकुराट आणि दादाचा दम असे दोन्ही आवाज एकातच ऐकू यायचे. माय चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत असायची आणि बादली फार वेळ वर आली नाही की ओरडायची, ‘‘बाप्पा, पानी आन ना लवकर, का तिथंच सामना खेळून राह्यला?’’

जत्रेला पंधरा दिवस उरले की घराचा नूर बदलायचा. पल्याडच्या पिठाच्या गिरणीवर दळण न्यायचं नाही. ती गिरणी जवळ होती, तरी मी डोक्यावर पायली घेऊन उलट्या दिशेला दोन कोस जायची. पल्याडच्या माणसाने दिलेला पेढा प्रसादाचा असला तरी खायचा नाही. सामना पल्याडच्या मैदानावर असला तर आमचं पाणी आमच्याच घागरीत भरून बैलगाडीतून जायचं आणि घागरीवर एक माणूस बसलेला असायचा. पल्याडचं पाणी आमच्या बाबांनी आयुष्यात तोंडाला लावलं नव्हतं. ‘‘त्या पान्यानं पाय जड होतात,’’ म्हणायचे. आता हसू येतं, पण तेव्हा मी ते शाळेतल्या धड्यासारखं खरं मानत होते.

अशा घरात पल्याडची सून आली. कशी आली, तर सोयरीक चांगली होती, मुलगी चांगली होती, आणि मायने हट्ट धरला. बाबांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं, ‘‘पोरगी आमची झाली. खेळ मात्र वेगळा.’’ तिकडच्यांनी हसून मान डोलावली. बाबांना ते हसणं आवडलं नाही. वहिनीचं नाव सुमन. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला हळू. आणि तिचा सख्खा भाऊ दिगंबर म्हणजे पल्याडचा कोपऱ्यावरचा गडी, एकदा गुडघा धरला की घोरपडीसारखा चिकटणारा. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. वहिनी आल्यापासून तिच्यावर नजर ठेवणं हे माझं काम आहे असं मी स्वतःच ठरवून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. पण कोणी नको असंही म्हटलं नाही.

नदीवर कपडे धुवायला दोन्ही गावांच्या बायका यायच्या. अलीकडच्या दगडांवर आम्ही, पलीकडच्या दगडांवर त्या. मधे गुडघाभर पाणी. वहिनी पिळता पिळता पलीकडे हाक मारायची, ‘‘बायजे, माहा भाऊ बरा हाय ना वं?’’ तिकडून उत्तर यायचं, ‘‘बरा हाय! तुहा नवरा कसा हाय?’’ आणि सगळ्या हसायच्या. मी घरी येऊन हे शब्द न शब्द बाबांना सांगायची. बाबा विडी बाजूला ठेवून ऐकायचे. ‘‘नवरा कसा हाय, असं इचारलं? कायले इचारलं असन?’’ मग आम्ही दोघं बापलेक बराच वेळ त्यावर विचार करायचो. एकदा तिचा भाऊ आंब्याची पाटी घेऊन आला. बाबांनी प्रत्येक आंबा हातात घेऊन देठाशी वास घेतला. दिगंबर उभा राहून बघत होता. ‘‘मामाजी, आंबेच हायेत,’’ तो म्हणाला. ते आंबे आमच्या घरी फक्त वहिनीने खाल्ले.

त्या वर्षी सामन्याला आठ दिवस असताना दादाचा डावा गुडघा गेला. सरावात नाही, मळ्यात. वाफ्यात पाणी सोडायला पाटाचं बारं फोडताना पाय चिखलात रुतला आणि तो गुडघ्यातून वळला. गुडघा रामफळाएवढा झाला. बाबांनी दार लावून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. माय, मी, वहिनी, दादा. ‘‘हे घराभाईर गेलं तर पाह्यजा,’’ ते म्हणाले. बोलले आम्हा सगळ्यांना, पाहिलं फक्त वहिनीकडे. ती मान खाली घालून बसली होती. त्या दिवसापासून माय दिवसातून तीनदा हळद-मिठाचा गरम लेप करून दादाच्या गुडघ्याला लावायची आणि जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची. आमचं घर पिवळं झालं. मायचे हात पिवळे, बाजेचं सुंभ पिवळं, गोधडीचा कोपरा पिवळा, लोट्याच्या कडेलाही बोटं उमटलेली. पट्ट्या धुण्याचं काम वहिनीकडे. ती साबण लावायची तशी पट्टी लालभडक व्हायची, आणि वाळली की पुन्हा पिवळीच. ‘‘निंघतच नाही वं हे,’’ ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली. मी उठून आत गेले. तिच्याशी फार बोलायचं नाही असं मी ठरवलेलं होतं.

सूज उतरली, दादा चालायला लागला, पळायलाही लागला, पण गुडघ्यात जोर नव्हता. तेव्हा बाबांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव काढला. सामन्याच्या दिवशी पट्टी बांधायची ती उजव्या गुडघ्याला. चांगल्या गुडघ्याला. पल्याडचे पट्टी बघून उजव्यावर तुटून पडतील आणि डावा सुटेल. ‘‘डोकं लागते याले,’’ ते स्वतःच म्हणाले आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मला बाबांचा एवढा अभिमान वाटला होता की काय सांगू! हा डाव आम्हा पाच जणांना ठाऊक, सहाव्याला नाही.

आमच्याकडे रीत अशी की सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून गडी मारुतीच्या देवळात राहायला जायचे. घरचं तोंड पाहायचं नाही, बायकोशी बोलायचं तर नाहीच. जेवण घरून जायचं. माय रोडगे आणि वांग्याची भाजी करायची आणि बाबा ते डोक्यावर घेऊन जायचे. दादा देवळात विहिरीच्या पाण्याने लेप धुऊन टाकणार आणि सकाळी पट्टी उजव्या पायाला चढवणार, असं ठरलं होतं. सामन्याच्या सकाळी मी वेणी घालून तयार होते. बाबा बैल जुंपत होते. वहिनी सामन्याला येणार नव्हती, माहेराविरुद्धचा सामना, तिने कुणाच्या बाजूने उभं राहायचं? ती मला ओट्यावर गाठून म्हणाली, ‘‘सिंधूबाई, माहं एक काम करा. त्याहीले निरोप द्या, पट्टी दोनी गुडघ्याले बांधा म्हना. नाहीतर लांब पँट घाला म्हना.’’

‘‘काऊन?’’ मी विचारलं.

‘‘अवं, ते पाह्य ना...’’ असं म्हणून तिने हातातली धुतलेली पट्टी माझ्यापुढे धरली, तेवढ्यात बाबा तिथे आले. तिने पदर पुढे ओढला आणि गप्प झाली. सासऱ्यापुढे सुनेने बोलायचं नाही, हीही आमची रीतच. बाबा म्हणाले, ‘‘चाल पोरी.’’ मी गाडीत बसले. ती दारात पट्टी हातात धरून उभी होती आणि डोळ्यांनी मला खुणावत होती, विसरू नका.

मी विसरले नव्हते. सगळ्या वाटेने मी तोच विचार करत होते. दोन्ही गुडघ्यांना का? दोन्हीला बांधली तर दादा अडखळेल. लांब पँट घातली तर पायात येईल आणि धरायलाही सोपी. पल्याडच्यांना हेच पाहिजे असणार! म्हणजे तिच्या भावाने सांगून पाठवलं असणार, काल नदीवर, साबणाच्या फेसाआडून. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी मैदानावर दादाला दुरून हात केला, पण निरोप दिला नाही.

आता घरी टीव्हीवर भाचे कबड्डी बघतात. रंगीत चटया, दिवे, शहरांच्या नावाचे संघ आणि गडी कुठले कुठले. चांगलं खेळतात, नाही म्हणत नाही. पण समोरच्याविषयी पोटात आग नाही. त्या दिवशी आमच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या पोटात काय होतं ते त्या चटईवर उतरलं तर चटई जळेल. आमच्या बाजूला आमचे, त्यांच्या बाजूला त्यांचे, आणि मधल्या धुळीत माझा भाऊ. गोरापान, मायवर गेलेला, निळी चड्डी, उजव्या गुडघ्यावर पांढरीशुभ्र नवी पट्टी. पहिल्याच चढाईला दिगंबर वाकला आणि झेपावला तो डाव्या गुडघ्यावर. दादा कसाबसा निसटला. दुसऱ्या चढाईला दुसरा गडी, पुन्हा डावाच. उजव्या पट्टीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ‘‘सांगतलं कोनं?’’ ते पुटपुटले. ‘‘सांगतलं कोनं बे?’’ शेवटच्या चढाईला दोन्ही गावं बरोबरीत होती. दादाने एका गड्याला शिवलं होतं, आता फक्त परत यायचं होतं. तो वळला आणि दिगंबरने डावा गुडघा धरला. दादा जो ओरडला तो ‘कबड्डी’ म्हणून ओरडला नाही. निशाण पल्याड गेलं आणि दादाला आम्ही गाडीत घालून आणलं. त्यानंतर तो कधी चढाईला उतरला नाही. पुढे विहिरीवरही त्याचा दम ऐकू आला नाही, नुसता रहाट वाजायचा.

घरी आल्यावर बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. अंगणातूनच म्हणाले, ‘‘सूनबाई, बोचकं बांधा.’’ माय म्हणाली, ‘‘अवो, आधी पोराकडे तं पाहा.’’ बाबा म्हणाले, ‘‘पोराकडे पाह्यलं म्हनूनच बोलून राह्यलो. पाच जनाले माहीत होतं. चौघं आपले हायेत.’’ वहिनी दाराआडून बाहेर आली. पहिल्यांदाच ती सासऱ्यापुढे बोलली. ‘‘म्या कोनाले नाही सांगतलं. उलट सकाळी निरोप देल्ला होता, दोनी गुडघ्याले बांधा म्हनून.’’

‘‘कोनापाशी देल्ला?’’

तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. बाजेवर पडलेल्या दादानेही मान उचलली. मी खरं बोलले असते तर? निरोप दिला नाही म्हणून सामना गेला, असंच बाबा म्हणाले असते. आणि मला खरोखर वाटत होतं की तीच फितूर आहे, मग एका फितुरासाठी मी का मार खाऊ? मी म्हणाले, ‘‘मले नाही सांगतलं काही.’’ चार शब्द. इतकी सरळ नजर करून बोलले की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. वहिनीने वाद घातला नाही. आत गेली, पत्र्याची पेटी उचलली आणि उन्हात एकटी नदीकडे चालायला लागली. दादाने भिंतीकडे तोंड केलं. त्याने तिला थांबवलं नाही, हे मला तेव्हा बरोबर वाटलं होतं आणि आज त्याचा राग येतो. पण त्याचा राग मी कोणत्या तोंडाने करू!

दिवस गेले. भाकरी माय करायची, पट्ट्या मी धुवायची. दादा जेवायचा नाही. गावात ठरून गेलं की गजाननची बायको फितूर निघाली, आता तो दुसरं लग्न करणार. मायच्या माहेरचं कोणी तरी एक स्थळही सुचवून गेलं. मी ते ऐकलं. हे माझ्या हिशेबात नव्हतं. पेटी नेली म्हणजे चार दिवसांचा रुसवा, असं मी धरून चालले होते.

मग एका सकाळी मी पट्ट्या घेऊन नदीवर गेले. पलीकडच्या दगडावर वहिनी होती, जरा बाजूला, एकटी. तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. मला बघून ती उठली आणि पाण्याच्या काठापर्यंत आली. ‘‘सिंधूबाई, त्याहीचा गुडघा कसा हाय?’’ मी उत्तर द्यायच्या आत तिच्या मागून एक जाडजूड बाई ओरडली, ‘‘पिवळ्या गुडघ्याची बहीन आली पाहा वं!’’ आणि साऱ्या दगडांवर हशा पिकला. दुसरी म्हणाली, ‘‘एक गुडघा नवरदेवाचा अन् एक गुडघा पैलवानाचा! हळद लावून कोनी मैदानात उतरते का, माय?’’

माझ्या हातात पट्टी होती. साबण लावलेली, लाल. मी ती पाण्यात बुडवली, पिळली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत पिवळी झाली. निंघतच नाही वं हे. आठ दिवस तीनदा लेप. तो विहिरीच्या नुसत्या पाण्याने काय निघणार! गोऱ्या पायावर डावा गुडघा मांडीपर्यंत पिवळाधमक आणि आम्ही पट्टी बांधली उजव्याला. मैदानाभोवती उभ्या असलेल्या सगळ्या पल्याडला तो दिसला. आम्हालाच दिसला नाही, कारण आमच्या घरात तेव्हा सगळंच पिवळं होतं. ज्या एका बाईला दिसला तिने मला सांगितलं होतं.

मी पट्ट्या तिथेच टाकून पळत घरी आले. बाबा मिरच्यांची पोती शिवत होते. मी धापा टाकत म्हणाले, ‘‘बाबा, वहिनीनं मले सांगतलं होतं. म्या खोटं बोलली.’’ आणि मग हळदीचं सगळं सांगितलं. मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. मार बसला नाही. बाबा उठले, दादाच्या बाजेपाशी गेले, पांघरूण बाजूला केलं आणि त्या गुडघ्याकडे बघत उभे राहिले. इतक्या दिवसांनीही त्यावर पिवळी झाक होतीच. दादाही बघत होता. ‘‘माहाच पाय,’’ तो म्हणाला, ‘‘अन् मीच नाही पाह्यला.’’ एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडला.

बाबांनी टोपी घातली. मला म्हणाले, ‘‘चाल. तोंड तुहं हाय, तूच बोल.’’ आम्ही दोघं नदी ओलांडून पल्याड गेलो. सामने आणि दादाचं लग्न सोडलं तर बाबा त्या गावात गेले ते तेव्हाच. दिगंबर ओट्यावर बसला होता, तो उभा राहिला. बसा म्हणाला नाही. मी वहिनीपुढे उभं राहून, तिच्या घरच्या सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही निरोप देल्ला होता. म्या देल्ला नाही, अन् मंग नाही म्हटलं.’’ बाबांनी घसा खाकरला. ‘‘पानी भेटन का?’’ दिगंबरचे डोळे मोठे झाले. वहिनी आत गेली आणि तांब्या भरून आणला. बाबांनी तांब्या हातात घेतला, आणि खोटं कशाला सांगू, आधी वास घेतला. मग गटागटा सगळं पाणी प्यायले आणि रिकामा तांब्या तिच्या हातात देऊन म्हणाले, ‘‘चाला घरी, बाई.’’ ती पेटी उचलून आमच्याबरोबर निघाली. नदीपर्यंत पेटी मी धरते म्हणाले तर तिने दिली नाही.

पुढच्या वर्षी सामना पुन्हा झाला, घागर पुन्हा गाडीतून गेली. द्वेष काही कमी झाला नाही, तो कशाला होईल! वहिनीने मात्र त्या खोट्याबद्दल मला आजपर्यंत एक शब्द विचारला नाही. माझ्या लग्नात ती राबली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने डिंकाचे लाडू पाठवले. पण माझ्यासारख्या संशयी बाईला न बोललेलं फार टोचतं. ती विसरली, की तिने माफ केलं, की नुसतं ठेवून दिलं, हे पन्नास वर्षं मी तिच्या चेहऱ्यावर शोधते आहे.

मागच्या महिन्यात माझा गुडघा धरला. मशीनचं पायडल मारून मारून आता त्यात काही राहिलं नाही. दादा गेल्यापासून वहिनी माझ्याकडे येऊन-जाऊन असते. तिने हळद-मीठ गरम केलं, लेप लावला आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट गुंडाळली. मग दुसरी पट्टी फाडली आणि माझ्या बऱ्या गुडघ्यालाही बांधायला लागली. मी म्हटलं, ‘‘वहिनी, दुखून राह्यला तो हा नाही, डावा.’’

तिने गाठ मारली, ओढून बघितली.

‘‘माहीत हाय मले,’’ ती म्हणाली.